वीस नावांनंतर घंटी

माणसाची रजा माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हे मी त्या जानेवारीत सोलापूरच्या आमच्या गिरणीला सिद्ध करून दाखवणार होतो. तसे मी दिवाळीच्या आधीच, जेवता जेवता, जाहीरही करून टाकले होते.

मी सहसा काही जाहीर करीत नाही. मुळात बोलतोच कमी. दोन वाक्ये झाली की थांबतो आणि ऐकणाऱ्याला आणखी ऐकायचे आहे का, याची वाट पाहतो. ‘पुढं?’ असे कोणी विचारले तर माझ्याजवळ पुष्कळ असते. पण सत्तावीस वर्षांत तसे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. लोक मान डोलावतात आणि पाणी प्यायला उठतात.

त्या दिवशी मात्र गुरम्माकाकूंची शेंगांची चटणी अशी काही जमली होती की माझ्या तोंडून सलग पाच वाक्ये बाहेर पडली. भवानी पेठेत त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. त्यांचे यजमान शिवलिंगप्पाकाका आमच्याच गिरणीत मागावर होते. एकतीस वर्षे नोकरी, आणि त्यात न सांगता घरी राहिल्याचा एकही दिवस नाही.

काकांना वर्षातून एकच रजा हवी असे: संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात, त्या दिवसाची. सिद्धरामेश्वरांचे उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात रोवून, दोन्ही हातांनी तोलत मिरवणुकीतून नेतात. पेलणाऱ्यांमध्ये काकांची पाळी ठरलेली होती. दर वर्षी ती रजा शेवटच्या संध्याकाळी, साहेबांच्या दाराशी दोन तास उभे राहिल्यावर मिळे; ती कशासाठी हवी, हे साहेबांनी कधी विचारले नाही आणि काकांनी सांगितले नाही. हुरड्याची पिशवी घेऊन येणाऱ्यांना ती आधी मिळे. आणि काका रिकाम्या हातांनी जात. यंदा तर त्यांची कंबर धरली होती. पुढच्या वर्षी हे वजन पेलायचे नाही, असे वैद्याने बजावले होते. म्हणजे हा शेवटचा नंदीध्वज.

“काका, यंदा काळजी करू नका,” मी म्हणालो. “रजा आता यंत्र देणार. यंत्राच्या हातून नाव सुटत नाही.”

काकांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे पाहिले. इतक्या विश्वासाने माझ्याकडे आजवर फक्त आमच्या मोडनिंबच्या घरातली म्हैस पाहत आली आहे.

हे यंत्र म्हणजे गिरणीने मुंबईहून आणलेले गणकयंत्र. गिरणीतल्या एकुलत्या एका गार खोलीत ते बसवले होते, आणि लोक त्या खोलीत चपला बाहेर काढून येत. काही जण केवळ गारव्यासाठी येत आणि मग संकोचाने यंत्राला नमस्कार करून जात. त्याला पडदा वगैरे नव्हता. टंकपट्टीवर आज्ञा टंकावी, की त्याचे उत्तर ते कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर खडखड छापीत जाई. त्याला आज्ञा कशा द्यायच्या हे पुण्याला एक वर्ष शिकून आलेला गिरणीतला एकमेव माणूस मी होतो. माझ्या आयुष्यात मी ज्याला आज्ञा देऊ शकलो असाही तो एकमेव जीव.

त्याला एकच खोड होती. थांबावे कधी, हे त्याला कळत नसे. ऑक्टोबरात मी एका खात्याचे हजेरीपत्रक मागितले, आणि त्याने सबंध गिरणीतल्या तेराशे चाळीस माणसांची नावे दीड तास छापली. कागद मेजावरून जमिनीवर, जमिनीवरून दारात आणि दारातून व्हरांड्यात गेला. तिथे कोणाच्या तरी शेळीने दोन अक्षरांचे कामगार खाऊन टाकले.

त्यावरून बैठक बसली. प्रश्न असा की, यंत्राने आपणहून थांबावे की थांबू नये? कामगार अधिकारी हिंदुराव यांचे मत स्पष्ट होते.

“जनाची न्हाय, तर मनाची तरी पायजे की त्याला,” ते म्हणाले. “ईस नावं झाली की गप बसावं. ज्याला जास्ती पायजे त्यो मागंल.”

भांडारपाल मडिवाळप्पांनी त्याला पाठिंबा दिला, कारण कागदाची अर्धीच गुंडाळी उरली होती आणि दुसरी मुंबईहून कधी येईल याचा नेम नव्हता. विरोध केला तो एकट्या बाळासोंनी. बाळासो माझे मदतनीस. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला साहेब म्हणत. बावीस वर्षे त्यांनी ताणा, म्हणजे कापडाचे उभे सूत, भरण्याच्या यंत्रावर काढली होती, आणि धाप लागू लागली म्हणून त्यांना या गार खोलीत पाठवले होते. सुरू केलेला ताणा मधेच थांबवला की सुताची टोके हरवतात, आणि एकदा हरवलेले टोक बापजन्मात सापडत नाही, एवढेच ते म्हणाले. कोणी लक्ष दिले नाही.

मी सुवर्णमध्य काढला. वीस नावे छापून झाली की यंत्राने थांबावे, बारीकशी घंटी वाजवावी आणि गप्प राहून वाट पाहावी. समोरच्याने कळ दाबली, तर पुढची वीस. ‘पुढे हवे का?’ एवढे शब्द छापण्यातही एक ओळ कागद जातो, म्हणून ते शब्द मी वगळले. जो ऐकणारा आहे त्याला घंटी पुरे, असे मला वाटले. पहिल्यांदा ते यंत्र वीस नावांवर थांबले, घंटी वाजली आणि खोलीत शांतता पसरली, तेव्हा माझे डोळे भरून आले. ते अगदी माझ्यासारखे झाले होते.

त्या भरात मी आणखी एक सूचना केली. यंत्राने छापलेली यादी हीच अंतिम मानावी. हाताने लिहिलेली रजा, हाताने घुसडलेले नाव, काहीही ग्राह्य धरू नये. दाराशी उभ्या राहणाऱ्यांचा त्रास कायमचा सुटणार म्हणून हिंदुरावांनी त्याच दुपारी तशी नोटीस लावली. मी ती तीनदा वाचली. अन्याय सोलापुरातून हद्दपार झाला होता.

गड्ड्याच्या रजेसाठी चौऱ्याण्णव अर्ज आले. सर्वांत आधी मी काकांचे नाव यंत्रात भरले आणि ते नीट बसले आहे ना, हे तीनदा पाहिले. यादी अकरा जानेवारीला छापायची होती. पण दहा तारखेला मोडनिंबहून तार आली: मुलगी पाहायला यावे. आमच्या घरी आज्ञा वडील देतात.

म्हणून मी बाळासोंसाठी एका कागदावर सविस्तर सूचना लिहिल्या. कागदाची टंचाई असल्याने पाठपोट लिहिल्या, त्यांच्या हाती दिल्या आणि गाडी पकडली. मुलगी पाहण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तिला माझ्याविषयी ऐकायचे आहे असे तिच्या मामांनी सांगितले. मी नाव आणि शिक्षण सांगून थांबलो. कार्यक्रम आटोपला असे समजून त्यांनी पोहे आणले.

बारा तारखेला सकाळी परत आलो, तो गिरणीच्या फाटकाशी गर्दी. फळ्यावर यादी होती. तिच्यात वीस नावे होती.

यंत्र नावे इंग्रजी वर्णक्रमाने लावीत असे. पहिले नाव अब्दुल गनी, मग दोन अंबण्णा, अमोगसिद्ध, अण्णाप्पा, आणि मग बसप्पा, बसवण्णा, बसवंत यांची रांग. तिथे कागद कात्रीने अगदी सरळ कापलेला होता. गर्दीत निरनिराळी मते चालली होती. साहेबांनी बसवण्णांच्या नावाचेच तेवढे धरले, असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे असे की यंत्र पडले मुंबईचे, त्याला सोलापूरची एवढीच माणसे ठाऊक. अब्दुल गनी बिचारा यात्रेत भावाच्या बांगड्यांच्या दुकानावर बसायला रजा मागत होता. आपली रजा शिवलिंगप्पांना द्यावी, म्हणून तो सकाळपासून हिंदुरावांच्या मागे लागला होता; हिंदुराव त्याला नोटिशीकडे बोट दाखवीत होते.

गर्दीच्या कडेला काका उभे होते. त्यांनी मला पाहिले. मग फळ्याकडे पाहिले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिले. त्याच विश्वासाने. त्याचेच मला वाईट वाटते.

मी गार खोलीत धावलो. बाळासो कात्रीला तेल देत बसले होते.

“बाळासो, बाकीची नावे?”

“घंटी वाजली की, साहेब.”

“मग?”

“घंटी वाजली की तोडायचं,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “ताण्याची लांबी भरली की यंत्र घंटी देतं. घंटी झाल्यावर एक वार जरी फुडं गेला, तर मुकादम आईबाप काढतो. बावीस वर्सं एक घंटी चुकवली न्हाय मी.”

सूचनांच्या कागदाविषयी विचारल्यावर त्यांनी अभिमानाने भिंतीकडे हात केला. पंख्याने उडू नये, हाताने मळू नये म्हणून त्यांनी तो खळीने भिंतीला चिकटवला होता. “अक्षर मोत्यावाणी हाय तुमचं,” ते म्हणाले. आमच्या गिरणीची खळ सुताला सोडीत नाही, ती कागदाला काय सोडणार. दर्शनी बाजूवर मी यंत्र सुरू कसे करावे, चपला कुठे ठेवाव्यात, कोणती आज्ञा टंकावी हे क्रमाने लिहिले होते, आणि ती बाजू संपली होती ती अशी: ‘वीस नावे झाल्यावर घंटी वाजेल.’ घंटी म्हणजे यादीचा शेवट नव्हे, कळ दाबावी, पुन्हा दाबावी, शेवटपर्यंत दाबत राहावी, हे सारे मागच्या बाजूला होते. मागच्या बाजूचे वाचन भिंत करीत होती.

आणि यंत्र? ते आदल्या दुपारपासून तसेच थांबलेले होते. घंटी वाजवून, एकविसावे नाव ओठांवर घेऊन, रात्रभर कोणीतरी ‘पुढं’ म्हणेल याची वाट पाहत होते. आपल्यासमोर कोणी बसले आहे की नाही, हे त्याला कळायला मी काही मार्गच ठेवला नव्हता. चार वेळा कळ दाबली असती, तर चौऱ्याहत्तर नावे बाहेर पडली असती.

इतक्यात हिंदुराव आत आले. त्यांच्यामागून दारात, खिडकीत माणसे. मी म्हणालो, “साहेब, यंत्र संपलेले नाही. ते वाट पाहत आहे.”

दोन वाक्ये झाली. मी थांबलो.

“वाट बघायला त्याचं काय लगीन ठरलंय?” हिंदुराव म्हणाले. “ते थांबणं आदी काढून टाक. सगळी यादी एका दमात आली पायजे, माझ्या डोळ्याम्होरं. आन मधी कुणी हात लावायचा न्हाय.”

कळ दाबण्याविषयीचे तिसरे वाक्य माझ्या घशात होते. ते मी आजही कधी कधी चाचपून पाहतो. आज्ञावलीतल्या थांबण्याच्या पाच ओळी काढायच्या होत्या. खिडकीत पन्नास चेहरे, पाठीशी हिंदुरावांचा श्वास. घाईत सहा निघाल्या. सहावी ओळ होती, ‘ज्याने अर्ज केला त्याचेच नाव छापावे.’

यंत्र सुरू झाले, ते धरण फुटावे तसे. कागद खिडकीपर्यंत पोचताच बाहेरच्यांनी तो हातोहात ओढून घेतला. नाव वाचले की माणूस आनंदाने घराकडे. तिसऱ्या अक्षरावर आलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की ज्यांनी रजा मागितलीच नव्हती, त्यांची नावेही येत आहेत. मी बटणाकडे हात नेला. हिंदुरावांनी तो हळूच बाजूला केला. बाळासो मात्र कागदाकडे तृप्त नजरेने पाहत होते. ताणा मधे थांबवायचा नसतो, हे अखेर कोणाला तरी पटले होते.

मी मनात एकच हिशेब करीत होतो: काकांचे नाव येऊ दे, मग जगबुडी होवो. भांडारपाल मडिवाळप्पांचे नाव गेले. त्यांना अक्कलकोटला सासुरवाडीला जायचे होतेच, ते लगेच निघालेही. महादेव, नागप्पा, परमेश्वर, रेवणसिद्ध, शरणप्पा. मग शिवप्पा. मग अर्धी गुंडाळी संपली.

यंत्र दीडशे नावे कोऱ्या रुळावर, तितक्याच निष्ठेने, कागदाशिवाय छापीत राहिले.

शिवप्पाच्या खालचे नाव शिवलिंगप्पा. ते मी त्या रुळावर उमटताना पाहिले. भांडाराला कुलूप होते, किल्ली अक्कलकोटच्या वाटेवर होती. आणि कुलूप उघडते तरी आत कागद नव्हता. यंत्राने छापले ते अंतिम, ही नोटीस बाहेर ऊन खात होती. जवळजवळ बाराशे माणसांना रजा मिळाली होती. ज्याच्यासाठी हे सारे केले, तो एक राहिला होता.

संध्याकाळी मी सगळे धैर्य एकवटून हिंदुरावांना व्हरांड्यात गाठले. “साहेब, शिवलिंगप्पा माझे घरमालक आहेत. त्यांचे नाव शिवप्पांच्या खाली येते.”

मी थांबलो.

“मग खालीच येणार की,” ते म्हणाले आणि निघून गेले.

घरी आलो तेव्हा काका नंदीध्वज पेलताना घालायची पांढरी बाराबंदी खुंटीवरून उतरवून घडी घालीत होते. काकूंनी ती दोन दिवसांपूर्वी धुवून, कडक करून टांगली होती. घडी बसेना, ते ती पुन्हा पुन्हा दाबत होते. उरलेले दीडशे जण रजेशिवायच घरी राहणार, हे एव्हाना पेठेभर झाले होते.

“सगळी गिरणी जायलीय की ओ,” काकू म्हणाल्या. “तुमी एकट्यानंच काय घोडं मारलंय देवाचं? जावा न सांगता.”

“कामाला पाठ दावून देवाम्होरं कसं उभारायचं, गुरम्मा?” काका म्हणाले. मग जिन्याकडे पाहून आवाज खाली आणला. “आन त्या पोराला काय बोलू नको. जेवलं न्हाय ते.”

मी जिन्यात होतो. हे बोलणे मला ऐकू आले नसते, तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अक्षतांच्या दिवशी, काकांच्या तीनशे मागांच्या खात्यात एकच माग चालत होता. तीनशे मागांच्या आवाजात माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही. एका मागाच्या आवाजात शेजाऱ्याचाही ऐकू येतो. काका धोटा बदलत होते, तुटलेले सूत सांधत होते, आणि लांबून वाजंत्री ऐकू आली की त्यांचा हात किंचित थबकत होता. मी दारापाशी उभा होतो. माझे तिथे काही काम नव्हते. पण दुसरीकडे कुठेही जाण्याची मला लाज वाटत होती.

साडेअकराला हिंदुराव आले. रिकामे खाते त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले.

“एका मागासाठी इंजिन चालवू व्हय, काका? बंद करा आन जावा घरी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आन ह्यांची आज पाळी असती, हे मला कुणी का सांगितलं न्हाय? नोटीस मीच लावली, मीच फाडली असती की. एका चिठ्ठीचं काम.”

मी मान खाली घातली. काल व्हरांड्यात राहून गेलेले तिसरे वाक्य तेच होते.

काकांना सायकलच्या मागच्या बैठकीवर बसवून मी निघालो. आयुष्यात इतक्या जोराने मी सायकल कधी मारली नाही. पण देवळाच्या तळ्याकडच्या रस्त्याला लागलो आणि पुढे माणसांची भिंत. ती सगळी आमच्याच गिरणीतली. एक हजार दोनशे माणसे, माझ्या यंत्राने स्वतः सोडलेली, त्यांत निम्मी अशी की ज्यांना यात्रेला यायचे कधी सुचलेच नसते. शरणप्पाने आम्हाला पाहून प्रेमाने हात हलवला. सरकायला त्याला जागा नव्हती.

डोक्यांच्या वर नंदीध्वजाचे फक्त टोक दिसत होते. काकांच्या जागी त्यांचा पुतण्या शिवपुत्र तो पेलीत होता. टोक डावीकडे झुकले; शेजारी उभ्या काकांची कंबर आपोआप उजवीकडे गेली. टोक सावरले, काका सावरले. त्यांचे दोन्ही हात छातीपुढे रिकामेच काहीतरी धरून होते. मग अक्षता पडल्या. आमच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत, पण काकांच्या केसांवर गिरणीतल्या कापसाचे पांढरे कण होतेच; लांबून पाहणाऱ्याला फरक कळला नसता.

“चांगला पेलला पोरानं,” ते म्हणाले. परतीच्या वाटेवर एवढेच.

त्या रात्री मी माफी मागायचे ठरवले. तोंडी मागण्यात अर्थ नव्हता. दोन वाक्यांनंतर काय होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. म्हणून मी पत्र लिहिले. आधी चूक कशी घडली ते क्रमाने लिहिले: यंत्राने थांबावे की न थांबावे, घंटी, खळ, पाच ओळींच्या जागी सहा. मग शेवटी मनातले लिहिले. मोडनिंबच्या माझ्या वडिलांनाही मी असे कधी लिहिलेले नाही. सकाळी पत्र काकांच्या हातात दिले आणि पळालो.

संध्याकाळी परतलो, तेव्हा काका प्रसन्न होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले होते. काही कळले नाही, पण यंत्राबद्दल आहे आणि अक्षर सुंदर आहे, असे म्हणाले. देवघराशेजारच्या भिंतीकडे त्यांनी बोट केले. पत्र तिथे, चारही कोपरे नीट दाबून, गिरणीतल्या खळीने चिकटवलेले होते.

माफी मागच्या बाजूला आहे.